बालकाच्या डोळ्यातील पांढरी चमक आणि आनुवंशिकता

‘आनुवंशिक’ हा शब्द आपल्याकडे दोन प्रकारे चुकीचा वापरला जातो. “आमच्या घराण्यात असे कोणाला नाही, तेव्हा मुलाला कुठून येणार?” असा धीर देण्यासाठी, आणि रोग निघालाच तर “सुनेच्या माहेरून आला” असा ठपका ठेवण्यासाठी. ही दोन्ही वाक्ये आम्ही आमच्याच घरात ऐकली, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही कला शाखेचे पदवीधर, नोकरी बँकेत कारकुनाची. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु प्रसंग ओढवला तेव्हा डॉक्टरांना विचारून व मिळेल ते वाचून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सन २०१५ मधील एका लग्नातला फोटो आमच्याकडे आहे. पुतण्या तेव्हा सव्वा वर्षाचा. फ्लॅशमुळे त्याची एक बाहुली लाल दिसते, दुसरी पांढरी, मांजराच्या डोळ्यासारखी. आम्ही सर्वांनी तो फोटो पाहिला आणि कॅमेऱ्याला दोष दिला. पुढे एका दवाखान्यात डोळ्यात घालायचे थेंब मिळाले व “मोठा झाला की जाईल” असे सांगण्यात आले. त्यात पाच महिने गेले. डोळा तिरळा होऊ लागला तेव्हा मोठ्या रुग्णालयात निदान झाले : रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग. तो डोळा काढावा लागला. दुसऱ्या डोळ्यातही दोन बारीक गाठी होत्या. त्या लहान होत्या म्हणूनच औषधोपचार व लेसर यांनी आटोक्यात आल्या. भावजयीला मात्र ग्रहणात विळी हातात घेतली होती काय, असे विचारणारे नातेवाईक त्याच आठवड्यात भेटून गेले.

हा रोग सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बालकाला होतो, आणि बहुधा पाच वर्षांच्या आत. त्याचे मर्म उलगडले ते डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी, १९७१ साली, अमेरिकेत. आम्हां आकडेमोड करणाऱ्यांना विशेष कौतुक याचे, की त्यांच्यापुढे होती केवळ ४८ रुग्णांची कागदपत्रे. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेली मुले आणि एकाच डोळ्यात गाठ असलेली मुले, यांचे निदान कोणत्या वयात झाले एवढेच त्यांनी ताडून पाहिले. पहिल्या गटात रोग लवकर दिसतो, दुसऱ्यात उशिरा. असे का?

बँकेच्या तिजोरीचे उदाहरण घेऊ. तिला दोन किल्ल्या, एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. चोराला दोन्ही मिळाल्याशिवाय ती उघडत नाही. पेशींची वाढ आवरणाऱ्या जनुकाच्याही प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडची व एक वडिलांकडची. दोन्ही निकामी झाल्या तरच गाठीला वाट मिळते. एकाच पेशीत हे दोन्ही अपघात घडणे विरळा. परंतु काही बालकांत जन्मतःच सर्व पेशींमधली एक प्रत निकामी असते. एक किल्ली आधीच चोराच्या खिशात! तेथे एकच अपघात पुरतो, म्हणून गाठी लवकर व बहुधा दोन्ही डोळ्यांत. तेराव्या गुणसूत्रावरील हे जनुक १९८६ साली प्रत्यक्ष हाती लागले आणि नुडसन यांचा तर्क खरा ठरला.

आता घराण्याचा प्रश्न. या रुग्णांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांचा रोग आनुवंशिक प्रकारचा असतो, पण घरात पूर्वी कोणाला तो झाल्याचे शंभरात दहाच्या आसपास मुलांतच आढळते. म्हणजे बहुतेकांत जनुकातील बिघाड प्रथमच उद्भवलेला. पुतण्याच्या आईवडिलांचे रक्त तपासले, दोघांतही बिघाड नव्हता. तो अहवाल आमच्या भावाने घडी करून पाकिटात ठेवला आणि बरेच दिवस, विचारणाऱ्याला व न विचारणाऱ्यालाही, काढून दाखवीत असे.

बाहुलीत पांढरी झाक किंवा नवा तिरळेपणा दिसला तर नेत्रतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे. प्रत्येक पांढरी बाहुली कर्करोगाची नसते; जन्मजात मोतीबिंदूही असू शकतो. पण तोही लवकरच काढावा लागतो, कारण पहिल्या महिन्यांत प्रकाश न पोचलेला डोळा पुढे पाहायला शिकत नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

एका मुलाला हा रोग असेल तर भावंडांनाही दाखवावे, आईवडिलांचे रक्त निर्दोष असले तरीही. आमची पुतणी २०१८ साली जन्मली. पहिल्याच आठवड्यात तिच्या रक्ताची तपासणी झाली. भावाच्या जनुकातील नेमका बिघाड माहीत होता, त्यामुळे तिच्यात तो नाही हे निश्चित सांगता आले आणि पुनःपुन्हा भूल देऊन डोळे तपासण्याचा त्रास टळला.

पुतण्या आता माध्यमिक शाळेत आहे, एका डोळ्याने वाचतो. अशा मुलांना पुढे हाडांचे व अन्य कर्करोग होण्याची शक्यता अधिक, म्हणून वर्षातून एकदा तपासणीला जातो. त्याच्या प्रत्येक अपत्याला हा बिघाड मिळण्याची शक्यता दोनात एक आहे, हे डॉक्टरांनी त्याला त्याच्याच समोर बसवून सांगितले. त्याने वहीवर नाणेफेकीचे चित्र काढले आणि विचारले, “मग त्याचे डोळे पहिल्याच दिवशी बघतील ना?”