कॅल्क्युलेटरने कोरलेला बांध

आमच्याकडे बांध कोरतात तो नांगराने, दरसाल वीतभर. मी मात्र एका शेतकऱ्याचा बांध टेबलाशी बसून कॅल्क्युलेटरने कोरला, आणि तोही एकदम दीड मीटर.

१९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात नवी गावठाणं बसवायची कामं निघाली. नुकताच डिप्लोमा झालेली आमच्यासारखी पोरं तिथं टेप धरूनच मोजणी शिकली. पुढं चार-पाच वर्षांनी स्वतंत्रपणे घेतलेलं पहिलं काम म्हणजे तेर गावाच्या अलीकडचं एक चौकोनी शेत. दोन भावांत वाटणी व्हायची होती, त्याआधी बाहेरची हद्द मोजून क्षेत्र काढायचं होतं. सात-बाराला १ हेक्टर ८२ आर, जुन्या कागदावर साडेचार एकर. दोन्ही एकच. साडेचार एकर म्हणजे १८० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. गुंठा आणि आर सारखेच समजणारे या हिशेबात सरळ दोन आर गमावतात.

भाड्याचा थिओडोलाइट, तीस मीटरचा टेप, सोबतीला गावातला एक पोरगा. देवळाच्या कळसावर नजर धरून सुरुवात केली आणि क, ख, ग, घ असे चार कोपरे फिरून परत क वर आलो. चार कोनांची बेरीज ३६० अंशांशी एका मिनिटाच्या आत जुळली. फार बरं वाटलं.

रात्री हिशेबाला बसलो. प्रत्येक बाजू चालताना आपण किती पूर्वेला-पश्चिमेला आणि किती उत्तरेला-दक्षिणेला सरकलो हे काढायचं. जिथून निघालो तिथंच परत आलो, म्हणजे दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. माझ्या आल्या पूर्वेला २.९८ मीटर आणि उत्तरेला ०.३४. म्हणजे कागदावर माझं शेत बंदच होत नव्हतं. मी तीन मीटर लांब कुठंतरी उभा होतो. चारी बाजू मिळून ५५१.६० मीटर. १८४ मीटरला एक मीटर चूक. थिओडोलाइटच्या कामात हजारात एक चूकसुद्धा फार झाली.

तिथंच वही मिटून सकाळी शेतात जायला हवं होतं. पण पुस्तकात बाउडिचचा नियम होता. नॅथॅनिएल बाउडिच हा अमेरिकेचा नौकानयनाचा जाणकार. साखळी आणि होकायंत्राने केलेली मोजणी बंद होत नाही तेव्हा काय करावं, याचं उत्तर त्यानं १८०८ मध्ये दिलं. एकूण चूक बाजूंच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायची. ज्याचा बांध लांब त्याच्या वाट्याला जास्त. मी वाटली. क-ख बाजू १५१.३३ मीटर, तिला पूर्व-पश्चिम ८२ सेंटिमीटर दुरुस्ती. तशीच बाकी तिघींना. बेरजा शून्य झाल्या, क्षेत्र आलं १८,१५४ चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ८१.५ आर. सात-बाराशी अर्ध्या आरचा फरक! मी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

मधल्या काळात नांगरट झाली आणि खुंट्या उपटल्या गेल्या. महिन्यानं मी नकाशावरून, क पासून कळसाचीच खूण धरून, त्या पुन्हा ठोकल्या. ग कोपऱ्यावर जुना लिंब होता. दोघांतले थोरले भाऊ, तात्या, खुंटीकडे बघत बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, “सायेब, ह्यो लिंब आमच्या आज्यानं बांधावर लावलाय. तुमची खुंटी आमच्या रानात कशी आली?” मी नकाशा उघडून आकडे दाखवले. म्हातारा गप्प बसला. त्याला वाटलं, आकड्यापुढं लिंब काय टिकणार. शेजारी त्यांच्याच भावकीतला. मी खासगी माणूस, माझ्या खुंटीला हद्द ठरवायचा काडीचा अधिकार नाही. पण शेजाऱ्यानं मला मोजणी खात्याचा समजून पुढच्या पाळीला खुंटीपर्यंत औत घातलं.

तात्यांचं गप्प बसणं मला झोपू देईना. वही पुन्हा काढली. कोन तर जुळले होते, म्हणजे चूक लांबीत होती. चूक पूर्वेला २.९८ आणि उत्तरेला ०.३४, गुणोत्तर साधारण पावणेनऊ. ग-घ बाजूचं पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतर पाहिलं, गुणोत्तर तेच. एकाच बाजूच्या लांबीत घोळ असेल तर ही बंद न होणारी चूक, म्हणजे क्लोजिंग एरर, त्याच बाजूला समांतर पडते. इतकी साधी गोष्ट मी परीक्षेत लिहून आलो होतो. क-ख बाजूची दिशाही जवळपास तशीच, म्हणून दोन्ही पुन्हा टेपल्या. क-ख बरोबर निघाली. ग-घ मात्र वहीत १५६.०२ आणि शेतात १५९.०२. पाच टेप पूर्ण आणि वर नऊ मीटर दोन सेंटिमीटर. टेपवरचे आकडे इंग्रजी, पोरानं टेप उलटा धरलेला, नऊचा सहा झाला. आणि मी तो ऐकून लिहिला, उलट मोजणी घेतलीच नाही.

एका बाजूची तीन मीटरची घोडचूक मी नियमानं चौघींत वाटली होती. तिन्ही चांगल्या बाजू बिघडवल्या आणि वाईट बाजू पुरती सुधारलीही नाही. ग कोपरा दीड मीटर पश्चिमेला सरकला. बाउडिचचा यात काही दोष नाही. टेपचा ताण, सावलीतला-उन्हातला फरक, डोळ्याची सूक्ष्म चूक, अशा किरकोळ आणि टाळता न येणाऱ्या चुकांसाठी त्याचा नियम आहे. घोडचूक वाटायची नसते, शोधायची असते.

क्षेत्राचा हिशेब तेवढा सांगतो, कारण यात लपवण्यासारखं काही नाही आणि शेतकऱ्याच्या नववीतल्या मुलालाही तो जमेल. आकडे सोयीसाठी पूर्णांकात घेतलेत. क शून्य धरा. ख त्याच्या पूर्वेला १५०, उत्तरेला २०. ग पूर्वेला १७०, उत्तरेला १४०. घ पूर्वेला १२, उत्तरेला १२२. आता ओळीनं तिरपे गुणाकार. १५० गुणिले १४०, वजा १७० गुणिले २०, आले १७,६००. १७० गुणिले १२२, वजा १२ गुणिले १४०, आले १९,०६०. क शून्य असल्यानं बाकीचे उडाले. बेरीज ३६,६६०, तिची निमपट १८,३३० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ८३.३ आर. माझ्या ‘जुळलेल्या’ क्षेत्रापेक्षा पावणेदोन गुंठे जास्त आणि सात-बारापेक्षा सव्वा आर जास्त. चुकीचा आकडा कागदाशी जुळत होता, बरोबर आकडा जुळत नव्हता. सात-बाराचं क्षेत्र जुन्या साखळीनं मोजलेलं, पुढं एकराचं हेक्टरमध्ये उतरवलेलं. त्याच्याशी जुळणं हा मोजणी बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. जुळवायला बसलं की जुळतंच.

नव्या पोरांसाठी आणखी दोन गोष्टी. बालाघाटच्या उतारावर टेप जमिनीसरसा टाकू नका. दहा अंशांच्या उतारावर शंभर मीटर चाललात तर नकाशावर साडेअठ्ठ्याण्णवच धरायचे. आणि होकायंत्र वापरत असाल तर आपल्या काळ्या दगडाच्या भागात त्यावर फार विसंबू नका, त्या दगडात लोहखनिज असतं आणि सुई ओढली जाते. जाताना आणि येताना घेतलेल्या दिशांत बरोबर १८० अंशांचा फरक नसेल तर त्या ठिकाणचं वाचन संशयित धरा. आता टोटल स्टेशन आले, मोजणीचा प्रोग्रॅम स्वतःच चूक वाटून मोकळा होतो. हे जास्त धोक्याचं, कारण ते तीन मीटर तुम्हाला दिसतच नाहीत.

खुंटी लिंबाजवळ परत नेली तेव्हा शेजाऱ्याशी वाद झालाच. तो मिटला तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून रीतसर मोजणी मागवल्यावर, आणि तिची फी मी भरली.

तुम्ही शेत मोजून घेत असाल तर मोजणीवाल्याला क्षेत्र नंतर विचारा. आधी विचारा, दुरुस्ती करण्यापूर्वी चूक किती आली होती. तो आकडा नकाशावर लिहून द्यायला तयार नसेल, तर पैसे देऊ नका.