नवा चौक, जुनी सवय

मोटार चालविणाऱ्या मनुष्याचे बरेचसे काम त्याचे हात आणि पाय परस्परच करीत असतात. कोठे वळावे, कोठे थांबावे, कोणास वाट द्यावी, याचा विचार तो दर वेळी नव्याने करीत नाही. वर्षानुवर्षांची सवय त्याला हाताला धरून नेते. म्हणूनच चौकाची रचना बदलणे हे मोठे जोखमीचे काम असते. घरातील कपाट हलविले, तर चार दिवस अंधारात ठेच लागते आणि मग नव्या जागेची सवय होते. चौकात मात्र पहिल्याच ठेचेला एखाद्याचा जीव जाऊ शकतो. मग सर्वस्वी निराळ्या रचनेचा चौक समोर आला, तर वाहनचालक त्याच्याशी जुळवून घेऊ शकतील काय?

इंग्लंडमधील स्विंडन या शहरात हा प्रश्न १९७२ साली प्रत्यक्ष उभा राहिला. तेथील फुटबॉलच्या मैदानाजवळ पाच रस्ते एकत्र येतात. तेथे वाहनांची फार कोंडी होत असे. ती सोडविण्याचे काम शासकीय मार्ग संशोधन प्रयोगशाळेतील अभियंते फ्रँक ब्लॅकमोर यांनी हाती घेतले. त्यांनी सुचविलेला उपाय ऐकणाऱ्यास चकित करणारा होता. जेथे एका वर्तुळाने भागत नव्हते, तेथे त्यांनी पाच लहान वर्तुळे आखली. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक वर्तुळ आणि त्या पाचांच्या मध्यभागी एक बेट, अशी ती मांडणी होती.

इंग्लंडमध्ये भारताप्रमाणेच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे तेथील वर्तुळाकार चौकात ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात. स्विंडनच्या पाचही लहान वर्तुळांत हाच क्रम राहिला. परंतु मधल्या बेटाभोवती वाहने काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागली! याचा लाभ असा, की उजवीकडील रस्त्यास जाणाऱ्याला संपूर्ण चौकाची प्रदक्षिणा घालावी लागत नाही. तो आतल्या जवळच्या वाटेने जातो. एकाच ठिकाणी दाटणारी गर्दी अनेक वाटांनी विभागली जाते.

ही रचना कागदावर पाहणाऱ्यास घेरी येते. मग ती रस्त्यावर यशस्वी कशी झाली? याचे रहस्य एका साध्या नियमात आहे. वर्तुळात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्या वाहनास आधी वाट द्यावी, हा नियम ब्रिटनमध्ये १९६६ साली लागू झाला होता. त्यापूर्वी शिरणारे आणि फिरणारे एकमेकांस अडवीत आणि वर्तुळ जागच्या जागी गोठून जाई. नव्या नियमाने ती अडचण दूर झाली, आणि १९७२ पर्यंत तो नियम चालकांच्या अंगवळणी पडला होता. स्विंडनच्या चौकात चालकाला सारा चौक एकदम समजून घ्यावा लागत नाही. पहिल्या वर्तुळाशी उजवीकडे पाहावे, वाट द्यावी, पुढे जावे. दुसऱ्या वर्तुळाशी पुन्हा तेच करावे. चौक नवा असला, तरी त्यातील प्रत्येक पाऊल जुन्या ओळखीचे होते.

ब्लॅकमोर यांनी आणखी एक शहाणपण दाखविले. आरंभी त्यांनी लहान वर्तुळे पक्की बांधली नाहीत. प्रत्येक वर्तुळापाशी एकेक पोलीस उभा करून चालक कसे वागतात, हे पाहण्यात आले आणि त्यानुसार आखणीत फेरफार करण्यात आले. चालक चौकापासून शिकत होते, त्याचप्रमाणे चौकही चालकांपासून शिकत होता.

त्या काळी ब्रिटनमध्ये मुलांचा एक दूरदर्शन-कार्यक्रम फार लोकप्रिय होता. त्यात एक जादूचे फिरते चक्र होते. इंग्रजीत जत्रेतील फिरत्या चक्राला आणि वर्तुळाकार चौकाला एकच शब्द आहे. त्यामुळे लोकांनी कौतुकाने म्हणा किंवा थट्टेने म्हणा, या चौकाला त्या कार्यक्रमाचेच नाव दिले आणि पुढे तेच अधिकृत झाले. परगावचा चालक आजही तेथे बावरतो. परंतु बावरलेला मनुष्य वाहन हळू चालवितो, आणि वेग कमी असला की धडक झाली तरी ती सहसा प्राणावर बेतत नाही.

अमेरिकेत याहूनही विलक्षण प्रयोग झाला. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे २००९ साली महामार्गावरील एका पुलाची रचना अशी बदलण्यात आली, की पुलापुरती दोन्ही दिशांची वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूस जातात आणि पूल ओलांडताच पुन्हा उजव्या बाजूस येतात. यामुळे महामार्गाकडे डावीकडे वळणाऱ्यांना समोरून येणाऱ्या वाहनांना छेदून जावे लागत नाही. जन्मभराच्या सवयीविरुद्ध लोक कसे जातील, ही शंका रास्तच होती. म्हणून अशा रचनेची परीक्षा आधी प्रयोगशाळेतील कृत्रिम मोटारीत चालकांना बसवून घेण्यात आली. प्रत्यक्ष रस्त्यावरही दिवे, बाण आणि कडेची बेटे अशी योजण्यात आली, की समोरची वाट धरून जाणारा आपोआप योग्य बाजूस पोहोचतो. पुढे अमेरिकेत अनेक ठिकाणी ही रचना स्वीकारली गेली.

यावरून मनुष्य सवयीचा असला, तरी सवयीचा गुलाम नाही, हे दिसून येते. मात्र त्याने बदलावे असे वाटत असेल, तर बदल सुचविणाऱ्याने आधी त्याची सवय नीट ओळखली पाहिजे. खुणा स्पष्ट असाव्यात, वेग आवरलेला असावा आणि चुकणाऱ्यास सावरण्याइतकी सवड असावी. चालकानेही ‘मला रस्ता ठाऊक आहे’ हा ताठा सोडून डोळे उघडे ठेवावेत. योजकाची दूरदृष्टी आणि चालकाची सावधगिरी यांची जेथे गाठ पडते, तेथे अनोळखी चौकही थोड्याच दिवसांत आपलासा होतो.

स्वाध्याय

१. स्विंडनच्या चौकात चालकाला सारा चौक एकदम समजून घ्यावा लागत नाही, असे का म्हटले आहे?
२. ‘चौकही चालकांपासून शिकत होता’, या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील एखाद्या चौकाचे निरीक्षण करून त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.