फिल्टर बसला, पण जुळला का?

प्रश्न : जुन्या मारुती ८०० ला दुकानदाराने दुसऱ्याच गाडीचा ऑइल फिल्टर दिला. तो बसला, चालेल का?

उत्तर : बसणे हा पुरावा नव्हे. २० मिलिमीटर आट्यांचा फिल्टर पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरच्या आट्यांवरही फिरत जातो; पकड मात्र ढिली राहते आणि तेलाच्या दाबाने तो निसटू शकतो. बायपास व्हॉल्व्ह किती दाबाला उघडतो, हेही डब्याच्या रंगरूपावरून कळत नाही.

इंजिनाचा प्रकार आणि निर्मितीचे साल सांगून कंपनीचा पार्ट क्रमांक ताडून पाहावा. मोठा डबा तो चांगला, ही गॅरेजमधली समजूत!

जुना रबरी वायसर इंजिनाला चिकटून राहिला, तर तेल भळाभळा गळते. तो आधी काढावा, नव्याला तेलाचे बोट लावावे आणि फिल्टर हातानेच आवळावा.