टोपीला दिसलेलं डोकं

मेंदूवर संशोधन करणाऱ्या भाचीला प्रयोगासाठी माणसं कमी पडत होती. मावशी हक्काची! केळवे रोडहून लोकल धरली, मुंबई गाठली आणि तारा लोंबणारी काळी टोपी घालून बसले. तिने शिकवलेल्या या पाच गोष्टी.

१. उजेडाला हाडाचं फारसं वावडं नाही. लहानपणी वीज गेली की बॅटरीवर तळहात ठेवून लालभडक बोटं बघायचो. तांबड्याच्याही पलीकडचा, ७०० ते ९०० नॅनोमीटरचा उजेड तर आणखी आत शिरतो. टोपीतल्या दिव्यातून तो कवटीत जातो, भरकटतो, आणि त्यातला चिमूटभर तीनेक सेंटिमीटरवरच्या संवेदकापाशी परत येतो. फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ही वाट दाखवली.

२. टोपीला विचार दिसत नाहीत, रक्त दिसतं. मनातलं सगळं पडद्यावर येणार म्हणून मी धास्तावले होते! मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायू भरलेलं रक्त धावतं. भरलेलं आणि रिकामं हिमोग्लोबिन उजेड वेगवेगळा गिळतं, तेवढा फरक मोजायचा. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावायला दारोदार माणसं आली होती. त्या चिमट्याचं तत्त्वही हेच. मेंदूच्या गाभ्यापर्यंत तर टोपीचा उजेड पोचतच नाही. हुश्श!

३. रक्त सावकाश येतं. भाचीच्या सांगण्यावरून शंभरातून सात-सात वजा करत मी पुढे गेले, तरी पडद्यावरची रेघ वर चढायला पाच-सहा सेकंद लागत. तिच्यावरच्या नाजूक लाटा मला माझी बुद्धी वाटल्या. ती नाडी निघाली. भाची मात्र खूश: नाडी दिसते म्हणजे टोपी नीट बसली.

४. ज्या केसांचं आयुष्यभर कौतुक झालं, तेच इथे आड आले. काळे दाट केस उजेड गिळतात. भाची कंगव्याच्या टोकाने टोपीच्या एकेका भोकाखालचे केस बाजूला सारत होती, “मावशी, हलू नकोस” म्हणत होती, आणि सकाळी चोपडलेल्या खोबरेल तेलाबद्दल सभ्यपणे गप्प होती. सावळ्या कातडीतूनही उजेड कमीच परततो. अशा डोक्यांची मोजणी नीट येत नाही म्हणून ती अभ्यासातून गळतात, हे ऐकून माझं हसू जरा आवरलं. आमच्याकडे पानवेलीच्या वाडीत उन्हातान्हात राबणाऱ्या बाया डोळ्यांसमोर आल्या. त्या कुठल्या आलेखात असतील?

५. यंत्र माणसाकडे जाऊ शकतं, हे मला सगळ्यात आवडलं. एमआरआयचं धूड केळव्याच्या वाटेला कशाला येईल? ही टोपी मात्र पेटीत मावते. उत्तर प्रदेशातल्या शिवगढला गावातल्या लहान मुलांवर असा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्धही झाला. गांबियातल्या केनेबात तान्ह्या बाळांवर झाला. भाचीला म्हटलं, पेटी घेऊन ये की गावी. पण दिवाळीनंतर ये, मे महिन्यात घामाने ही टोपी कुणाच्या डोक्यावर टिकायची नाही.