मुलांवरील अत्याचाराविरुद्धचा अ‍ॅनिमेशनपट: दाखवायला किती, बनवायला किती?

शाळेत किंवा वस्तीत बाललैंगिक अत्याचाराविरुद्ध अ‍ॅनिमेशनपट दाखवायचा असेल, तर आधी नवा चित्रपट बनवायला निघू नका. चाइल्डलाइन या संस्थेचा ‘कोमल’ यूट्यूबवर मोफत पाहता येतो. शेजारी राहायला आलेल्या काकांच्या वागण्याने गप्प होत गेलेल्या मुलीची ही सुमारे १० मिनिटांची गोष्ट. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा मान विभागून मिळाला. चित्रातली मुलगी असल्याने कुणा बालकलाकाराला तो प्रसंग उभा करावा लागत नाही, आणि मुलांनाही न घाबरता बघता येतं.

बऱ्याच शाळांत प्रोजेक्टर असतोच. नसेल तर प्रोजेक्टर, पडदा आणि स्पीकरच्या भाड्यासाठी दोन-तीन हजार बाजूला ठेवा. दर गावागणिक बदलतो.

खरा खर्च चित्रपट संपल्यावर सुरू होतो, आणि नेमका तोच अंदाजपत्रकात नसतो. एखादं मूल येऊन काही सांगेल, तेव्हा ते शांतपणे ऐकणारं प्रशिक्षित माणूस तिथे हवंच. समुपदेशकाचं मानधन आणि प्रवास मिळून आणखी दोन-तीन हजार धरा. त्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पत्र द्या, त्यांच्याकडून कुणी येऊ शकेल का विचारा. अशी व्यवस्था होत नसेल, तर खेळ पुढे ढकला. बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशा अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. तेव्हा फोन कोण करणार, हे आधीच ठरवा. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो.

तुमच्या बोलीत, तुमच्या मुलांसाठी वेगळा चित्रपट हवाच असेल, तर हिशेब मोठा होतो. सेकंदाला १२ चित्रं धरली तरी ३ मिनिटांना २,१६० चित्रं लागतात. म्हणून स्टुडिओचा दर मिनिटावर असतो: साध्या कटआउटला मिनिटाला वीसेक हजार, हाताने काढलेल्या कामाला लाखाच्याही पुढे, वर १८ टक्के जीएसटी. ब्लेंडर, ओपनटून्झ ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, त्यामुळे कला महाविद्यालयातले विद्यार्थी बरंच कमी पैशांत करून देऊ शकतात. मात्र पटकथा समुपदेशकाकडून तपासून घ्याच. तिथे काटकसर नको.

कोटेशन घेताना आवाज, संगीत, उपशीर्षकं आणि किती दुरुस्त्या धरल्यात, हे लेखी मागा. मूळ फायली आणि हक्क तुमच्याकडे राहतील, हेही करारात घाला. संवाद आणि संगीताचे ट्रॅक वेगवेगळे घ्या, म्हणजे पुढे अहिराणी किंवा गोंडीत करताना मुख्यतः आवाजाचाच खर्च येईल.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीसाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. प्रस्तावात निर्मितीसोबत वर्षभराचे खेळ आणि समुपदेशकाचं मानधनही मागा.