पतंगांची पेटी स्वच्छ, तर ट्रायकोकार्ड दमदार



सुरू उसात खोडकिडीने पोंगे वाळू लागले की आपण ट्रायकोकार्ड टांगतो. कार्डावरची अंडी असतात कॉर्सिरा, म्हणजे तांदळाच्या पतंगाची. त्यांतच ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक वाढतो. पतंगच रोगट असले तर कार्ड टांगूनही पोंगे वाळतच राहतात. म्हणून घरी किंवा बचत गटात पतंग पाळणाऱ्यांनी एवढे सांभाळावे :

१) अडीच किलो ज्वारीचा भरडा १०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून थंड करावा. धान्यातली जुनी कीड मरते.

२) त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट, ५ ग्रॅम यीस्ट व ५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक घालावे. गंधकाने कोळी आवरतात. मग अर्धा घन सेंटीमीटर अंडी सोडावीत.

३) पेटीला बारीक जाळी हवीच, नाहीतर ब्रॅकॉन माशी शिरून अळ्या मारते. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, मुंग्या चढत नाहीत.

४) सिंदी मेघेच्या उन्हाळ्यात खिडकीला ओले पोते लावा. पण भरड्याला ओल लागू देऊ नका, बुरशी येते.

५) साधारण चाळीस दिवसांनी पतंग निघतात. गोळा करताना नाकाला फडके बांधा. पंखांची भुकटी छातीत जाते.

६) रिकामी पेटी धुऊन कडक उन्हात वाळवा. जुना भरडा पुन्हा वापरू नका.

अंडी तीन-चार दिवसांत काळी पडली, तर कार्ड चांगले समजावे. रोगट बेणे आपण लावत नाही. रोगट पेटीतले कार्डही लावू नये.

— ऊस विकास अधिकारी