‘बेंगाल’ : एका माइनस्वीपर नौकेचा इतिहासपाठ

समुद्रात पेरलेले सुरुंग काढून इतर जहाजांची वाट निर्धोक करणे, हे माइनस्वीपर नौकेचे काम. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात बांधलेल्या अशा चार नौकांपैकी ‘बेंगाल’ ही एक होय.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंदिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या संरक्षणार्थ ती फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे जात होती. कोकोस बेटांच्या नैऋत्येस दोन जपानी सशस्त्र जहाजांनी त्यांना गाठले. प्रत्येक जहाज सुमारे १०,००० टनांचे. ‘बेंगाल’ मात्र १,००० टनांचीही नव्हती व तिच्यावर मुख्य तोफ एकच होती. तरीही कप्तान विल्सन यांनी ‘ओंदिना’ला निसटण्याचा आदेश देऊन आपली नौका शत्रूच्या दिशेने वळविली. ‘ओंदिना’नेही मारा केला. ‘होकोकु मारू’ हे जपानी जहाज पेटून बुडाले. निर्णायक गोळा कोणाचा, याविषयी मतभेद आहेत.

कप्तानाचे नाव इतिहासात राहिले. तोफ व इंजिन सांभाळणारे भारतीय खलाशी बहुतांशी अनामच राहिले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतील ‘तलवार’ या तळावर निकृष्ट अन्न व वर्णद्वेषी अपमान यांविरुद्ध याच नौदलाच्या खलाशांनी संप पुकारला. मरणाच्या प्रसंगी समान, पण जगताना असमान! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जन्मभर ज्या विषमतेशी झुंज दिली, तिचेच हे एक रूप.

म्हणून विद्यार्थ्यांनो, युद्धाचा इतिहास वाचताना जयपराजयाबरोबर हेही विचारा : हा विजय कोणाच्या श्रमांवर उभा राहिला आणि त्यांच्या पदरी काय पडले?